महामारी, चालान आणि कच्चे कैदी : इंदूरहून पाहिलेली पार्श्वभूमी

1 एप्रिल 2020 रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखल वस्तीत तपासणीसाठी गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. अटक झालेल्यांपैकी काहींवर राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावण्यात आला आणि त्यांना सतना, जबलपूर अशा दूरच्या तुरुंगांत पाठवण्यात आले. तिथे पोचल्यावर त्यांच्यातील काहींना संसर्ग झाल्याचे आढळले. त्याच महिन्यात जुनी इंदूर ठाण्याच्या प्रभारी निरीक्षकांचे कोरोनाने निधन झाले. अटक, कोठडी, हजेरी आणि सुनावणी या फौजदारी न्यायाच्या प्रत्येक पायरीवर माणसे एकत्र आणावी लागतात, आणि महामारीत नेमके तेच करता येत नव्हते. पुढच्या तीन वर्षांत या व्यवस्थेची जी ओढाताण झाली, तिचे मूळ इथे आहे.

वापरात आलेला कायदा जुना होता. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर इंग्रज सरकारने 1897 चा साथरोग कायदा केला. त्यानंतर पुण्यात घराघरांत शिरून झालेल्या तपासण्या, 22 जून 1897 रोजी रँडवर झाडलेल्या गोळ्या आणि त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली झालेली 18 महिन्यांची शिक्षा हा इतिहास मराठी घरांत सांगावा लागत नाही. आम्हा माळव्यातल्या मराठी माणसांना मात्र या कायद्याची एक गोष्ट क्वचितच ठाऊक असते. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी ‘ब’ वर्गातील राज्यांत असलेला प्रदेश मूळ केंद्रीय कायद्याच्या व्याप्तीतून वगळलेला होता, आणि होळकर व शिंदे यांच्या संस्थानांपासून बनलेले मध्य भारत हे तसेच राज्य होते. हे अपवादाचे शब्द 22 एप्रिल 2020 च्या अध्यादेशानेच गाळले गेले. त्याच अध्यादेशाने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवली. तिला तीन महिने ते पाच वर्षे आणि गंभीर दुखापत झाल्यास सात वर्षांपर्यंत कैद ठेवली, तसेच तपासासाठी 30 दिवसांची मुदत घातली.

सामान्य माणसाची गाठ मात्र भारतीय दंड संहितेच्या कलम 188 शी पडली. सरकारी आदेश मोडल्याच्या या कलमाखाली 2019 मध्ये देशभरात 29,469 गुन्हे नोंदले गेले होते. 2020 मध्ये ते 6,12,179 झाले. अशा प्रकरणाची दखल घेण्यापूर्वी संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार न्यायालयापुढे यावी लागते, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 195 सांगत होते. ज्या महिन्यांत न्यायालये जेमतेम चालू होती, त्याच महिन्यांत इतक्या लोकांना आरोपी करणे मला आजही अनाकलनीय वाटते.

तुरुंगांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने वेळीच हाती घेतला होता. मार्च 2020 मध्ये स्वतःहून दखल घेऊन 23 मार्चच्या आदेशाने प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमण्यास सांगण्यात आले. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांतील बंदींना अंतरिम जामीन किंवा पॅरोल देण्याचा विचार या समित्यांनी करायचा होता. हजारो माणसे त्यामुळे बाहेर आली, आणि तरीही वर्षअखेरीचे आकडे अस्वस्थ करणारे आहेत. शिक्षा झालेले कैदी 2019 मधील सुमारे 1,44,000 वरून 2020 च्या अखेरीस 1,12,589 वर आले, तर कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला निकाली निघालेला नाही असे बंदी, 3,30,000 च्या पुढून 3,71,848 वर गेले. 2021 अखेर ते 4,27,165, म्हणजे एकूण बंदींच्या सुमारे 77 टक्के, झाले आणि तुरुंग क्षमतेच्या 130 टक्के भरले. अटका चालू राहिल्या आणि साक्षीपुरावे थांबले, तेव्हा आत जाणारी वाट मोकळी राहून निकालाची वाट तुंबली. दोष सिद्ध न झालेल्या माणसांनी या तुंबाऱ्याची किंमत मोजली.

त्या काळातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय मुदतीविषयीचा आहे. 23 मार्च 2020 रोजीच सर्वोच्च न्यायालयाने दावे व अपिले दाखल करण्याच्या मुदती 15 मार्चपासून वाढवल्या होत्या. आरोपपत्राची, आमच्या इकडच्या कचेरीच्या बोलीत चालानाची, 60 किंवा 90 दिवसांची मुदतही त्याने वाढली का, हा प्रश्न मग उभा राहिला. मुदतीत चालान सादर न झाल्यास आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका आदेशाने मुदत वाढली असे मानले. 19 जून 2020 रोजी एस. कासी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि तपास यंत्रणेच्या अडचणीसाठी व्यक्तीचे स्वातंत्र्य गोठवता येणार नाही, हे स्पष्ट केले.

दृक्-श्राव्य सुनावणी महामारीने शोधून काढलेली नाही. 2003 च्या प्रफुल्ल देसाई प्रकरणात अशी साक्ष ग्राह्य ठरली होती, आणि पहिल्या वेळी आरोपीला प्रत्यक्ष हजर केल्यावर पुढची कोठडी पडद्यावरून वाढवण्याची तरतूद 2009 पासून लागू होती. 2020 मध्ये अपवाद नित्याचा झाला. इंदूरच्या महात्मा गांधी मार्गावरील उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे घरी बसून युक्तिवाद करता येऊ लागले, आणि दूरच्या पक्षकाराचा पेशीसाठीचा प्रवास वाचला, हे खरेच. परंतु तुरुंगातल्या पडद्यापुढे उभ्या असलेल्या बंदीला वकिलाशी दोन शब्द खासगीत बोलण्याची जागा त्यात उरली नाही, आणि अंगावरच्या माराच्या खुणा दंडाधिकाऱ्यांना दाखवणेही अवघड झाले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 530 ने खटल्याची कार्यवाही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवण्याची मुभा कायमची दिली आहे. बंदी आणि वकील यांच्या एकांताविषयी त्या कलमात काही नाही.

दुसऱ्या लाटेत, 7 मे 2021 रोजी, आधी सोडलेल्यांना पुन्हा सोडण्याचा आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत सरसकट अटक टाळण्याचा आदेश झाला. पुढे 24 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या सवलतीवर बाहेर असलेल्या सर्वांना 15 दिवसांत तुरुंगात परतण्यास सांगितले. कच्च्या कैद्यांनी परतल्यावर नियमित जामिनासाठी अर्ज करावा, अशी मुभा ठेवण्यात आली. पहिल्या आदेशाला तेव्हा तीन वर्षे आणि एक दिवस झाला होता, आणि परतणाऱ्यांत असेही होते ज्यांच्या खटल्याचा निकाल तोवर लागलेला नव्हता.