स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात अर्ज करताना: पात्रता, मुदत आणि कागदपत्रे

युरोपीय मानवाधिकार न्यायालयाकडे येणारे बहुसंख्य अर्ज गुणदोषांचा सविस्तर विचार होण्याआधीच अग्राह्य ठरतात आणि त्यांतील अनेकांचे कारण मुदत, अपूर्ण फॉर्म किंवा राहून गेलेली सही एवढेच असते.

युरोप परिषदेच्या ४६ सदस्य देशांपैकी एखाद्या देशाच्या अधिकारक्षेत्रात ज्याच्या युरोपीय मानवाधिकार करारातील हक्कांचा भंग झाला आहे, त्या कोणालाही अर्ज करता येतो. नागरिकत्वाची अट नसल्यामुळे लंडन किंवा म्युनिक येथे भारतीय पासपोर्टवर राहणारे मराठी कुटुंबही पात्र ठरते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले असले तरी या करारातून बाहेर पडलेले नाही. तक्रार मात्र राज्यसंस्थेविरुद्धच करावी लागते, घरमालक किंवा कंपनी यांच्याविरुद्ध नव्हे.

त्याआधी त्या देशातील परिणामकारक न्यायालयीन मार्ग शेवटपर्यंत वापरलेले असले पाहिजेत. जर्मनीत यात सहसा कार्ल्सरूह येथील घटना न्यायालयाकडील तक्रारही येते, आणि ती वगळून थेट स्ट्रासबर्गला पाठवलेला अर्ज टिकत नाही. शिवाय ज्या हक्काच्या भंगाची तक्रार आहे, तो मुद्दा निदान आशयाने तरी देशातील न्यायालयांपुढे मांडलेला असावा लागतो. स्ट्रासबर्ग हे वरचे अपील न्यायालय नव्हे. खालच्या न्यायालयाने पुरावा चुकीचा वाचला, एवढ्या तक्रारीवर तेथे काहीही मिळत नाही.

सर्वाधिक घात मुदतीत होतो. पूर्वी सहा महिने असलेली मुदत १ फेब्रुवारी २०२२ पासून चार महिने झाली, तरी जुन्या माहितीपत्रकांवर विसंबून लोक अजूनही सहा महिने धरतात. अंतिम निर्णय १० मार्चला हाती आला असेल, तर १० जुलैची मध्यरात्र ही शेवटची वेळ होय. त्या दिवशी रविवार असला तरी सवलत नाही: तुर्कस्तानविरुद्धच्या एका प्रकरणात सुटीच्या दिवशी संपलेली मुदत पुढे ढकलण्यास मोठ्या खंडपीठाने २०१२ साली नकार दिला. निकालानंतर प्रकरण पुन्हा उघडण्यासाठी केलेल्या अर्जामुळे मुदत सहसा नव्याने सुरू होत नाही, हे तर अनेकांना उशिराच समजते.

अर्ज न्यायालयाच्या चालू आवृत्तीच्या फॉर्मवरच करावा आणि मूळ सहीसह टपालाने पाठवावा. तारीख पोस्टाच्या शिक्क्याची धरली जाते आणि फॅक्सने मुदत थांबत नाही. वस्तुस्थिती, हक्कभंग आणि देशात वापरलेले मार्ग हे तिन्ही फॉर्ममधील रकान्यांतच थोडक्यात यावे लागतात. ‘सोबतचे निवेदन पाहावे’ असे लिहून रकाना रिकामा ठेवणे म्हणजे अर्ज अपूर्ण ठेवणेच होय. जोडनिवेदनाला वीस पानांची मर्यादा आहे आणि ते त्या रकान्यांची जागा घेत नाही. अपूर्ण अर्ज नाकारला गेल्याचे कळेपर्यंत मुदत संपलेली असू शकते, म्हणून निदान महिनाभर आधी टपालात टाकणे शहाणपणाचे.

सुरुवातीला वकील सक्तीचा नाही आणि शुल्कही नाही, परंतु वकील नेमल्यास वकीलपत्राचा भाग फॉर्ममध्येच असतो आणि त्यावर अर्जदार व वकील दोघांच्याही सह्या लागतात. प्रत्येक पातळीवरील निकालाची प्रत, त्यापूर्वीचे अपील अर्ज आणि अंतिम निर्णय कधी मिळाला याचा पुरावा, हे सारे तारखेच्या क्रमाने, पानांना क्रमांक देऊन जोडावे. हा शेवटचा पुरावा बहुतेकांजवळ नसतो, कारण निकालाचे पाकीट त्याच दिवशी कचऱ्यात जाते. मूळ कागद पाठवू नयेत, ते परत मिळत नाहीत. एकल न्यायाधीशाने अर्ज अग्राह्य ठरवल्यास त्या निर्णयाविरुद्ध अपील नाही.