‘आपल्या दुकानात चोरायला आहे काय?’

हे वाक्य व्यापाऱ्यांकडून वर्षानुवर्षे ऐकतो: हॅकर बँकांच्या मागे लागतात, आपल्यासारख्या किरकोळ धंद्याला कोण विचारतो! समज साफ चुकीचा आहे, कारण बहुतेक वेळा कोणी तुम्हाला निवडतच नाही. १२ मे २०१७ रोजी पसरलेला ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर संगणक-व्हायरस घ्या. विंडोजमधली एक फट दिसली की तो आपोआप शिरायचा, फाइली कुलूपबंद करायचा आणि बिटकॉइनमध्ये ३०० डॉलर मागायचा. समोर इस्पितळ आहे की किराणा, त्याला काय फरक पडतो? ती फट बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ‘नंतर करू’ म्हणणारे अडकले.

शिवाय लहान धंदा मोठ्याचं मागचं दारही असतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ दुकानांतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली, ती वातानुकूलनाचं काम करणाऱ्या छोट्या कंत्राटदाराच्या चोरलेल्या पासवर्डमधून आत शिरून.

तेव्हा अपडेट टाळू नका, ईमेलला दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय फोनवरचा कोडही मागणारी) लावा. टॅलीच्या डेटाची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, आणि ती काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर तीही कुलूपबंद होते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.