देवी काढणे

देवीचा रोग होऊ नये म्हणून दंडावर लस टोचण्याच्या क्रियेला मराठीत हे नाव होते. ‘देवी येणे’ म्हणजे रोग होणे, ‘देवी काढणे’ म्हणजे तो टाळणे. ‘लस’ हा शब्दही मूळचा जखमेतून वा फोडातून झरणाऱ्या पातळ द्रवाचा. तोच द्रव टोचला जात असल्याने पुढे तो औषधालाच लागू झाला असावा.

या उपायाचे मूळ भारतात शोधण्याचा प्रयत्न वारंवार झाला आहे. सुश्रुतसंहितेत मसूरिकेचा, म्हणजे देवीसारख्या फोडांच्या रोगाचा उल्लेख आहे, टोचणीचा नाही. बंगालमध्ये मात्र अठराव्या शतकात ही प्रथा निश्चित होती. बंगालमध्ये राहिलेल्या हॉलवेल या इंग्रज वैद्याच्या १७६७ च्या वर्णनानुसार टोचणी करणारे ब्राह्मण आदल्या वर्षीच्या फोडांतील द्रव लावलेला कापूस गंगाजलात भिजवून ओरखड्यांवर ठेवत. पण हा द्रव देवीच्या रोग्याचा असे, गोदेवीचा, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीसारख्या सौम्य रोगाचा नव्हे. दोन्ही पद्धती एकच मानल्याने बराच गोंधळ झाला. १८१९ मध्ये मद्रासच्या एका वृत्तपत्रात धन्वंतरीच्या नावावरील ग्रंथाचा दाखला आला आणि त्यात गाईच्या आचळावरील फोडांचा द्रव टोचण्याचे वर्णन होते. लोकांनी लस स्वीकारावी म्हणून तो मजकूर नव्याने रचला गेला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

इंग्रज वैद्य एडवर्ड जेनर यांची गोदेवीपासूनची लस बगदाद-बसरामार्गे मुंबईत पोचली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी नोंद. तिच्या फोडातील द्रव इतर मुलांना आणि त्यांच्यापासून पुणे, सुरत, मद्रासकडे गेला. म्हणजे लस मुलांच्या दंडांवरूनच प्रवास करी. फोड आलेल्या मुलाला द्रव काढू देण्यास आईबाप नाखूश असत. पुढे वासरांवर लस तयार होऊ लागल्यावर ही अडचण संपली. १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात बालकांना टोचणी सक्तीची झाली.

देवी निर्मूलनाच्या १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात ८० टक्के लोकसंख्येला टोचण्याचे लक्ष्य होते. आकडे भरले तरी साथी थांबेनात, कारण शाळेतली, सहज सापडणारी मुलेच पुनःपुन्हा टोचली जात. पुढे धोरण बदलले आणि रोगी शोधून त्याच्या भोवतालच्या घरांना आधी टोचण्यावर भर आला. हा बदल निर्णायक ठरला, असे मानण्यास भक्कम आधार आहे. शोधपथके देवी आलेल्या बाळाचे चित्र दाखवत घरोघर विचारत. दुतोंडी सुईच्या टोकांमध्ये लसीचा एक थेंब धरून दंडावर पंधरा वेळा टोचत. रक्ताचा बारीक ठिपका उमटला की टोचणी नीट झाली. रोगी कळवणाऱ्यास असलेले बक्षीस शेवटी १,००० रुपयांवर गेले.

देशात लागण झालेला शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये बिहारात आढळला. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचे प्रमाणित झाले आणि पुढे देवी काढणे बंद पडले. १९८० नंतर जन्मलेल्यांच्या डाव्या दंडावरचा वण बहुधा क्षयरोगाविरुद्धच्या बीसीजी लसीचा असतो.