ज्वारीची भाकरी

ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून, परातीत थापून तव्यावर बिनतेलाची भाजतात ती भाकरी, सोलापूर, मराठवाडा, अहिल्यानगर आणि तिकडे उत्तर कर्नाटकाचं रोजचं जेवण. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. आपल्याकडे भाकरीला रब्बीची ज्वारी म्हणजे शाळू लागतो आणि त्यातही मालदांडी हे वाण, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय.

भाकरीत फायबर चपातीपेक्षा खूप जास्त असं सगळे सांगतात पण ते तितकंसं खरं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर आहे आणि गव्हाच्या न चाळलेल्या आट्यात ११ च्या आसपास, म्हणजे जवळपास सारखंच. खरी दरी पुढे आहे, मैदा आणि पांढरा तांदूळ दोन्ही पावणेतीन ग्रॅमवर येतात, कारण धान्याचं फायबर मुख्यतः वरच्या सालीत म्हणजे कोंड्यात असतं आणि तोच काढून टाकलेला असतो. त्यामुळे धान्य कुठलं यापेक्षा कोंडा राहिलाय की गेलाय हे आधी बघावं, आणि घरी पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकू नये, कळकळीने सांगतोय.

ज्वारीतलं बहुतेक फायबर पाण्यात न विरघळणारं, ते पचत नाही, पाणी धरून ठेवतं आणि पोट साफ व्हायला मदत करतं. विरघळणारं फायबर ज्वारीत थोडंच, ते डाळी, मेथीदाणे, ओट्स यातून घ्यावं लागतं. म्हणून पिठलं किंवा आमटीबरोबरची भाकरी हे चांगलं जेवण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगितलंय, प्रत्येकी ५० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांत त्यातलं १० येतं, बाकीचं भाजी, उसळ, फळं यातून.

पण त्याच दोन भाकऱ्यांत कार्बोहायड्रेट ६५ ग्रॅमच्या वर जातं आणि त्यात बहुतेक स्टार्चच, तेव्हा शुगर असलेल्यांनी भाकरी कितीही चालते असं समजू नये, मोजूनच खावी. हुरडा गोड लागतो तो कोवळ्या दाण्यातल्या साखरेचं अजून पूर्ण स्टार्च झालेलं नसतं म्हणून.

ज्वारीत ग्लूटेन नाही, त्यामुळे पीठ गव्हासारखं ताणलं जात नाही. गरम पाण्याने थोडा स्टार्च फुलून चिकटपणा येतो, मग तळहाताने रगडून मळायचं, थापायचं, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पलटून शेवटी आचेवर शेकायची की टम्म फुगून पापुद्रा सुटतो. पीठ जुनं झालं की विरी म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेने चिरते आणि उचलली की तुटते, म्हणून गिरणीतून थोडं थोडंच दळून आणतात.

शिळी भाकरीही टाकायची नाही, गार झाल्यावर तिच्यातला काही स्टार्च असा घट्ट बसतो की लहान आतड्यात पचत नाही आणि पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना फायबरसारखाच उपयोगी पडतो. ताकात कुस्करून, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन खातात.