रेस खालून की वरून?

खानापूरच्या माझ्या मामांकडं एक जुनी डिझेल जीप होती. एका पावसाळ्यात ती चढाला दमायला लागली. मामांनी डिझेल फिल्टर बदलला, एअर फिल्टर झाडला, डिझेल भेसळीचं मिळालं म्हणून चार शिव्याही घातल्या. शेवटी गाडी बेळगावला उद्यमबागेत नेली. मिस्त्रीनं बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरच्या दारातून आत वाकला आणि स्क्रू-ड्रायव्हरनं रेसच्या पट्टीखालून वाटीभर तांबडी माती उकरून काढली. "रेस पुरती खाली जाईना झाल्या की मामा, मग गाडी चढणार कशी?" मामांना आपण पूर्ण दाबतोय असंच वाटत होतं. पट्टी खरोखर टेकत होती, फक्त मातीवर.

त्या जीपचं एक्सिलरेटर, म्हणजेच रेसची पट्टी, जमिनीला बिजागरीनं जोडलेलं होतं. आजच्या बहुतेक गाड्यांत ते डॅशबोर्डखालच्या पत्र्यापासून खाली लोंबतं. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, डिकी किती मोठी ते बघतो. रेस खालून आहे की वरून, हे कुणी विचारत नाही. चोर्ल्याच्या घाटात तासभर गाडी चालवली की मग नडगी विचारते.

क्लच, ब्रेक आणि रेस एका रांगेत असले तरी एका जातीचे नाहीत. ब्रेक आपण मांडीपासून अख्खा पाय ढकलून दाबतो. त्यात टाच उचलली गेली तरी बिघडत नाही, म्हणून ब्रेक वरून लोंबणारा असला की सोयीचा पडतो. रेसचं तसं नाही. टाच जमिनीवर टेकलेली असते आणि घोट्यातून नुसता चवडा पुढं-मागं होतो. म्हणजे खरी बिजागरी टाचच. प्रश्न एवढाच, की पेडलची बिजागरी या टाचेजवळ आहे, की तिच्यापासून हातभर वर?

कागदावर काढून बघा. टाच ते चवडा हे अंतर २० सेंटिमीटर धरा. मोटारीची बैठक आखणारे इंजिनिअरही साधारण हाच आकडा धरतात. पाऊल जमिनीशी ६० अंशांचा कोन करून उभं आहे. रेस ५ सेंटिमीटर दाबली, म्हणजे पाऊल सुमारे १४ अंश झुकलं. एवढ्यात चवडा जवळपास ४ सेंटिमीटर पुढं गेला आणि त्याच वेळी ३ सेंटिमीटर खाली आला. लोंबतं पेडल मात्र झोपाळ्यासारखं असतं. पुढं जाताना ते चवड्याइतकं खाली येत नाही. हा फरक बुटाचा तळ पेडलवर घासून भरून काढतो. पेडलला बाक देऊन ही घसट कमी करतात, पण ती पूर्ण जात नाही. जमिनीवरच्या प्रकारात पाऊल आणि पट्टी जवळजवळ एकाच बिंदूभोवती फिरतात, त्यामुळं घासायला काही उरतच नाही.

इंग्रजीत या प्रकाराला ऑर्गन पेडल म्हणतात. संगीत नाटकं पाहिलेल्यांना ते वेगळं समजावून सांगायला नको: ऑर्गनवाला खाली भात्याच्या पट्ट्यांवर पावलं ठेवून बसलेला असतो, आणि नाटक मध्यरात्र उलटून गेलं तरी त्याचे पाय चालूच असतात.

कोरड्या बुटात ही घसट जाणवतही नाही. पावसाळ्यात जाणवते. चिखलानं ओला झालेला रबरी तळ एकसारखा घसरत नाही; तो चिकटून राहतो, जोर साठत जातो आणि मग एकदम सुटतो. दाराची बिजागरी करकरते त्यामागंही हीच क्रिया असते. पेडलवर ती घडली की रेस मिलिमीटर-दोन मिलिमीटर उडी मारते, आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये असलेली गाडी हिसका देते. मागं बसलेल्या माणसाला वाटतं, ड्रायव्हर नवशिका आहे.

कोल्हापुरी चपलेची कथा उलटी. (२०१९ मध्ये तिला जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात बेळगाव जिल्हाही आहे, हे आमच्याकडं कुणीही न विचारता सांगतं, अथणीचे कारागीर तर सांगणारच.) तिचा चामडी तळ गुळगुळीत आणि मागं टाचेला पट्टा नाही. लोंबत्या पेडलवर चप्पल जागेवर राहते आणि पाय तिच्यातून पुढं सरकतो. क्वचित चपलेचं टोक पेडलच्या खालच्या कडेत अडकतं. मी घाटात चप्पल काढून ठेवतो आणि बायकोची बोलणी खातो.

नडगीचं दुखणं वेगळं आहे. पाऊल पेडलवर पूर्ण न टाकता अर्धवट उचलून धरायचं काम नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू करतो. लांब पट्टीवर अख्खं पाऊल विसावलं की त्याचा बराच भार स्प्रिंग उचलते. बऱ्याच बस-ट्रकांना जमिनीवरची पट्टी असते ती काही उगीच नाही. दिवसभर स्टेअरिंगवर बसणाऱ्या माणसाला हा फरक पगारासारखा दर महिन्याला मिळतो.

पण ऑर्गन पेडलचीही एक खोड आहे, आणि ती साध्या तरफेची. बिजागरी खाली असल्यानं पट्टी वर दाबली तर हलकी लागते, खाली दाबली तर जड. २० सेंटिमीटरवर जेवढा जोर लागतो त्याच्या दुप्पट १० सेंटिमीटरवर लागतो. लहान पावलाच्या माझ्या बहिणीला अशी एक गाडी "दगडासारखी" वाटली होती, तीच मला लोण्यासारखी. शिवाय काहीजण टाच ब्रेकसमोर ठेवून चवडा फक्त उजवीकडं वळवतात. लोंबत्या पेडलवर ते जमून जातं. जमिनीवरच्या पट्टीला पाऊल तिच्यासमोर सरळ हवं असतं.

मग जग लोंबत्या पेडलांकडं का गेलं? पूर्वी ब्रेक आणि क्लचचे दांडे जमिनीतल्या भोकांतून वर यायचे. ब्रेकचा सिलिंडर (पायाचा जोर तेलातून चाकांकडं पोचवणारा) खाली, रस्त्याच्या चिखलात. भोकांतून धूळ, पाणी आणि इंजिनाची ऊब आत. १९५२ च्या फोर्ड गाड्यांत पेडलं वरून टांगली आणि सिलिंडर इंजिनाच्या बाजूला, हाताशी आला. हळूहळू सगळे तिकडं वळले. ब्रेक आणि क्लच वर गेल्यावर त्यांच्यासोबत रेसही गेली, कारण तिची केबल त्याच पत्र्यातून नेणं सोपं आणि स्वस्त. पायाच्या सोयीचा विचार त्यात किती होता, मला शंका आहे. पोर्शे आणि बीएमडब्ल्यूसारख्या काहींनी मात्र जमिनीवरची रेस सोडली नाही.

आता केबलही गेली. पेडलमधले दोन सेन्सर एकमेकांवर नजर ठेवत कॉम्प्युटरला फक्त "किती दाबलं" ते कळवतात. त्यामुळं बिजागरी कुठंही ठेवता येते. माझदानं २०१२ च्या सुमाराला आपल्या नव्या गाड्यांत जमिनीवरची पट्टी आणली आणि पाय सरळ पडावा म्हणून पुढची चाकंही थोडी पुढं सरकवली. उजवीकडं स्टेअरिंग असलेल्या गाडीत चाकाचा फुगवटा नेमका उजव्या पायाच्या जागेत घुसतो, त्यामुळं आपल्याला तर याची जास्तच गरज.

केबल जाताना एक गंमत झाली. तिच्या घर्षणामुळं पाय स्थिर राहायचा. दाबायला जोर जास्त, धरून ठेवायला कमी. नव्या पेडलांत ते घर्षण मुद्दाम घालावं लागलं, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला पाय हलून रेस नाचली असती. २०१० च्या जानेवारीत टोयोटानं अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्या परत बोलावल्या त्या या घर्षणाच्या तुकड्यामुळं: तो झिजून, ओलावा धरून चिकटत होता. त्याच्या काही महिने आधी, २००९ मध्ये, सुमारे ३८ लाख गाड्यांचा प्रश्न आणखी साधा होता. कॅलिफोर्नियात एका लेक्सस गाडीत दुसऱ्या मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली होती. लोंबत्या पेडलची खालची कड तिच्यात अडकली आणि चौघांचा जीव गेला. उपाय म्हणून पेडलांचं खालचं टोक कापून आखूड केलं. जमिनीवरच्या पट्टीला असं सुटं टोक नसतं, तिच्याखाली माती किंवा पाण्याची बाटली मात्र जाऊ शकते.

मला स्वतःला घाटात जमिनीवरची आवडते, पण नंदगडच्या शेतातून चिखलाचे पाय घेऊन गाडीत बसणाऱ्याला मी ती घे म्हणणार नाही.

मामांनी जीप विकून आता लोंबत्या पेडलची छोटी गाडी घेतलीय. जुनी सवय गेलेली नाही. घाट लागायच्या आधी गाडी बाजूला घेतात, खाली वाकतात आणि रेसच्या खाली हात फिरवतात. मागच्या खेपेला माती मिळाली नाही. पुढं सरकून पेडलखाली दुमडलेली मॅट मिळाली.