पेरणीचं उरलेलं बियाणं धुऊनसुद्धा बटेराला घालू नका

आम्ही बटेरं आणि त्यांचा दाणा विकतो. पेरण्या आटोपल्या की आमच्या दुकानाचा फोन वाजायला लागतो. बटेरं पायावर उभी राहत नाहीत, मान टाकून बसलीत, अंडी मऊ पडताहेत. औषध कोणतं द्यायचं आणि पाखरंच खराब दिली होती का, हे दोन प्रश्न ठरलेले. आम्ही उलट विचारतो, घरचं काय घातलं? पहिलं उत्तर असतं, "काई नाई." बरंच बोलणं झाल्यावर निघतं, "जराकसं बियाणं उरलं होतं भाऊ, पण धुऊन घातलं ना."

घोळ या धुण्यातच आहे. बीजप्रक्रिया केलेली, म्हणजे पेरणीसाठी औषध चोळलेली, ज्वारी किंवा सोयाबीन पाण्यात टाकली की पाणी गुलाबी होतं. दोन-तीनदा पाणी बदललं की दाणा स्वच्छ दिसतो आणि वाटतं, विष गेलं. गेलेला असतो तो रंग. थायरमसारखं बुरशीनाशक किंवा इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक सालीला धरून राहतं, आत मुरतं. थायरमने पाय लुळे पडतात, अंड्याचं कवच पातळ होतं. कीटकनाशकाचा दाणा पोटात गेला तर पाखरू थरथरतं, पडतं, आणि औषध आणेपर्यंत वेळ उरत नाही. हे बियाणं खाण्यासाठी, पशुखाद्यासाठी वा तेलासाठी वापरू नये, असं पिशवीवर छापलेलं असतं. पण पिशवी तोवर कोठ्यात कुठेतरी कोंबलेली असते.

"कोंबड्यांनी खाल्लं, त्यांना काही झालं नाही," असंही ऐकतो. मोठी गावरान कोंबडी दीड-दोन किलोची, बटेर दीडशे-दोनशे ग्रॅमचं. दिवसभराचा खुराकच २० ते २५ ग्रॅम, त्यात चिमूटभर विषाचाही हिस्सा मोठा पडतो. म्हणून बियाणं घातल्याचं कळलं की आम्ही पाखरं बदलून देत नाही. काही जण रागावतात, पण हा नियम पाखरं देतानाच सांगितलेला असतो.

बुरशीचंही तेच. पावसात ओल लागलेला मका, वास मारणारी भुईमुगाची ढेप "फेकायची कशी" म्हणून बटेरापुढे जाते. अशा मालात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं, ते यकृतावर बसतं. वाळवून, भाजून ते पूर्ण जात नाही. सरळ खड्ड्यात टाका.

कच्चं सोयाबीन बीजप्रक्रिया न केलेलं असलं तरी नको, त्यातल्या घटकांमुळे प्रथिनं पचत नाहीत. आमच्या दाण्यात सोयाबीन असतं, पण ते तेल काढून तापवलेली पेंड असते. सरकीची ढेप ढोरांसाठी ठेवा. बटेराला घातली तर सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या घटकामुळे अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडू शकतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. ढोरांच्या तयार खुराकात युरिया असू शकतो, तोही नको. लाखोळी डाळ पिल्लांना अजिबात नको, तिचा परिणाम मज्जातंतूंवर होतो. शेतातलं सोयाबीन-ज्वारी चाळताना धोत्र्याचं बी दिसलं तर वेचून टाका.

घरातलं म्हणाल तर चिवडा, शेव, लोणचं, खारे दाणे नको. मीठ एवढ्याशा जिवाला झेपत नाही. चहात बुडवलेला टोस्ट, चॉकलेट, कच्चा कांदा, हिरवा पडलेला बटाटा, टमाट्याचा पाला नको. आता नागपूरच्या बाजारात अव्होकाडो मिळतो. लेकरं हौसेनं भरवतात, पण पाखरांना तो विषारी आहे. कोथिंबीर, मेथी, थोडा पालक बारीक चिरून द्या, हात आखडून द्या.

एक चूक मात्र शहाणी माणसंही करतात. अंड्यावरच्या कोंबडीचा दाणा स्वस्त पडतो म्हणून पिल्लांना घालतात. त्यात कॅल्शियम जास्त असतं, पिल्लांच्या मूत्रपिंडाला ते सोसत नाही. पिल्लांचा आणि अंड्यावरच्या बटेरांचा दाणा आमच्याकडे वेगळा मिळतो, बारीक दळलेला. बाजारच्या दाण्यापेक्षा थोडा महाग आहे हे कबूल, पण दोन-चार जोड्या पाळणाऱ्याला पाच किलोची पिशवी बरेच दिवस पुरते, पडून बुरशीही लागत नाही.

चुकून काही खाल्लंच, तर आधी तो दाणा काढा, स्वच्छ पाणी ठेवा आणि बियाण्याची पिशवी घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. कोणतं औषध लावलंय हे डॉक्टरला तिच्यावरूनच कळतं. मेलेलं पाखरू कुत्र्या-मांजरांपुढे टाकू नका, खोल पुरा. आजारी पाखरांची अंडी कुणी खाऊ नयेत.

दाण्याबद्दल शंका असेल तर मूठभर पुडीत बांधून दुकानात आणा, बघायचे पैसे घेत नाही. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, तो दिवस सोडून या.