रक्त पातळ करायची गोळी निराळी, कोलेस्ट्रॉलची निराळी

"ताई, ती रक्त पातळ करायची गोळी द्या, कोलेस्ट्रॉलची."

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हात आपोआप कपाळाकडे जातो. नक्की कुठली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "तेच हो, हार्टची." मग पुरावा म्हणून पाकिटातून स्ट्रिपचा तुकडा निघतो. कात्रीनं असा कापलेला, की नावाची शेवटची दोन अक्षरं तेवढी शिल्लक. त्यावरून गोळी ओळखायची म्हणजे नुसत्या गल्लीच्या नावावरून घर शोधण्यासारखं.

दोन्ही गोळ्या हृदयासाठीच, पण एकीचं काम दुसरी करत नाही. आणि वैताग याचा, की ज्यांना धोका आहे पण अजून काही झालेलं नाही अशी माणसं त्यातली नको ती आपणहून गिळतात आणि डॉक्टरांनी लिहिलेली टाळतात.

पहिली तुम्हाला ठाऊकच आहे. ॲस्पिरिन, ७५ मिलिग्रॅमची. आपल्याकडे सगळे एकोस्प्रिन म्हणूनच मागतात. ती रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. रक्त 'पातळ' वगैरे काही होत नाही. ताकात पाणी घातल्याचं चित्र डोक्यात असेल तर काढून टाका. प्लेटलेटचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं, आणि एकदा ॲस्पिरिन लागली की ती प्लेटलेट मरेपर्यंत कामातून जाते. म्हणून गोळी थांबवल्यावरही परिणाम ओसरायला आठवडाभर जातो. क्लोपिडोग्रेल याच कुळातली. वॉर्फरिन, जिच्यासाठी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) तपासत राहावं लागतं, ती तिसरीच. तिला इथे मध्ये आणत नाही.

दुसरी स्टॅटिन. अटोरव्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन ही नेहमीची नावं. शेवटी 'स्टॅटिन' दिसलं की कोलेस्ट्रॉलची, एवढी खूण पुरते. (निस्टॅटिन तेवढी सोडा, ती तोंडातल्या बुरशीवरची. गंमत म्हणजे खरी स्टॅटिनही बुरशीतूनच आली. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात पेनिसिलियमच्या एका जातीतून पहिली शोधली.) ही गोळी यकृतात काम करते. तिथलं कोलेस्ट्रॉल बनवणं मंदावतं, मग यकृत आपली गरज भागवायला रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, ओढून घेतं. रक्त गोठण्याशी तिचं काही देणंघेणं नाही. दात काढायचाय म्हणून आठवडाभर आधी कोलेस्ट्रॉलची गोळी बंद करून येणारे काका दरवर्षी दोन-तीन तरी भेटतात. कशासाठी बंद केली हे त्यांनाही सांगता येत नाही.

किरकोळ फरक पटकन. अटोरव्हा आणि रोझुव्हा दिवसात कधीही चालतात, रात्रीच घ्यायचा आग्रह जुन्या सिमव्हास्टॅटिनपासून आलेला. रोजची वेळ एक ठेवा म्हणजे विसरत नाही. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटला तर आधी १०८ ला फोन, आणि फोनवरच्या माणसानं सांगितलं तर चघळायची ती ॲस्पिरिन. त्या घटकेला घरातली स्टॅटिन शोधत बसू नये. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असताना तापासाठी ॲस्पिरिन नको, आणि स्टेंट (हृदयाच्या वाहिनीत बसवलेली जाळीची नळी) असल्यामुळे ती रोजचीच असेल तर त्या दिवशीच डॉक्टरांना विचारा.

आता मुद्द्याचं. अटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसलाय, बायपास झालीय किंवा गुठळीमुळे पक्षाघात झालाय, अशांच्या चिठ्ठीवर साधारणपणे दोन्ही असतात. तिथे वाद नाही. घोळ होतो तो आधीच्या माणसाचा. पन्नाशी उलटलेली, दहा वर्षांची शुगर, बीपीची गोळी चालू, वडील ऐन पंचेचाळिशीत हार्टनं गेलेले. अटॅक मात्र आलेला नाही. हा माणूस कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून एकोस्प्रिन सुरू करतो, आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या स्टॅटिनबद्दल मला विचारतो, "ही घ्यायलाच पाहिजे का हो?"

असं उलटं का होतं हे कळायला एक चित्र मोडावं लागेल. व्हॉट्सॲपवर फिरतं ते, पाइपात लोणी अडकल्याचं. रक्तवाहिनीत चरबी अशी साचत नाही. ती भिंतीच्या आत साठते, वर पातळ कातडी धरते आणि वर्षानुवर्षं तशीच बसून राहते. एक दिवस ती कातडी फाटते. शरीराला वाटतं जखम झाली, आणि गुडघा खरचटल्यावर करतं तेच ते इथे करतं: प्लेटलेट्स धावत येतात आणि खपली धरायला लागतात. गुडघ्यावर खपली चालते. तीन मिलिमीटरच्या वाहिनीत तीच खपली रस्ता बंद करते.

ॲस्पिरिन अडवते ती ही शेवटच्या काही मिनिटांतली खपली. स्टॅटिन त्याच्या आधीची पंधरा-वीस वर्षं भिंतीवर काम करते: आत चरबी कमी जाते, सूज उतरते, वरची कातडी जाड आणि चिवट होते. ज्याची कातडी एकदा फाटून झालीय त्याला खपली अडवणारी गोळी रोज हवी, कारण पुन्हा फाटण्याची शक्यता मोठी. ज्याची फाटलेलीच नाही त्याच्या बाबतीत हिशेब बदलतो. ॲस्पिरिन जागा बघून काम करत नाही. जठरातला छोटा व्रण, मेंदूतली नाजूक वाहिनी, तिथलीही खपली ती अडवते. रक्तस्रावाचा धोका पहिल्या गोळीपासून रोज चालू, आणि फायदा झाला तर कधीतरी.

आकडे बघा. २०१८ साली ॲसेंड नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधले १५,४८० मधुमेही, कुणालाही आधीचा हृदयविकार नाही. निम्म्यांना ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, सरासरी सात वर्षांवर. अटॅक-पक्षाघातासारखी गंभीर घटना ॲस्पिरिनवाल्यांत ८.५ टक्क्यांना, दुसऱ्यांत ९.६. मोठा रक्तस्राव ॲस्पिरिनवाल्यांत ४.१ टक्क्यांना, दुसऱ्यांत ३.२. म्हणजे हजारात अकरा जणांची गंभीर घटना टळली आणि नऊ जणांना जास्तीचा रक्तस्राव झाला. जवळजवळ फिटंफाट.

याच्या शेजारी कार्ड्स नावाचा अभ्यास ठेवा, २००४ चा. पुन्हा मधुमेही, पुन्हा हृदयविकार नसलेले, पुन्हा ब्रिटन, सोबत आयर्लंड, २,८३८ माणसं. गोळी अटोरव्हास्टॅटिन, फक्त १० मिलिग्रॅम. साधारण चार वर्षांत मोठ्या घटना खोट्या गोळीवाल्यांत ९ टक्क्यांना, स्टॅटिनवाल्यांत ५.८. हजारात बत्तीस कमी, आणि गंभीर दुष्परिणामांत दोन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक नाही. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी थांबवला. दोन अभ्यासांचे आकडे एकमेकांतून वजा करायचे नसतात हे मला कळतं. ॲसेंडमधले बरेच जण आधीच स्टॅटिनवर होते, त्यामुळे ॲस्पिरिनसाठी राखण्यासारखं कमीच उरलं होतं. पण तोही स्टॅटिनच्याच पारड्यात पडणारा मुद्दा.

म्हणून चाळिशीपुढच्या मधुमेह्याला हृदयविकार नसला तरी बहुतेक वेळा स्टॅटिन लिहितात, आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञगटानं २०२२ मध्ये साठीपुढच्यांना हृदयविकार नसताना ॲस्पिरिन नव्यानं सुरू करू नका असं सांगितलं. डॉक्टरांनी तपासून दिली असेल तर माझं वाचून बंद करू नका. माझं भांडण कट्ट्यावरच्या एकोस्प्रिनशी आहे.

आणि आपल्याकडे होतंय काय? १७ देशांतल्या दीड लाखावर माणसांचा प्युअर अभ्यास २०११ मध्ये आला. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांत औषधं कोण घेतं, हे त्यात बघितलं. श्रीमंत देशांत ॲस्पिरिनच्या जातीची गोळी ६२ टक्के घेत होते आणि स्टॅटिन ६६.५ टक्के. गरीब देशांत, ज्यांत भारत मोजलेला होता, पहिली ८.८ टक्के आणि स्टॅटिन ३.३. दोन्ही आकडे लाजिरवाणे, पण त्यांतला क्रम बघा. तिकडे स्टॅटिन पुढे, इकडे ॲस्पिरिन जवळजवळ तिप्पट पुढे. आणि ही तर अटॅक-पक्षाघातातून गेलेली माणसं.

पैसा हे कारण आहेच. पण काउंटरवरून मला दुसरंही एक दिसतं. ॲस्पिरिनला रिपोर्ट नाही. तिचा आकडा कुठे छापून येत नाही, त्यामुळे ती 'पुरे झाली' असं कुणाला वाटत नाही. स्टॅटिनला बिचारीला रिपोर्ट आहे, आणि तोच तिच्या मुळावर येतो. "एलडीएल १३८ होतं, आता ८२ आलं. नॉर्मल. बंद केली." तापाच्या गोळीचा न्याय लावतात: उतरला, झालं. अहो, ८२ आलं ते गोळी चालू होती म्हणून! बंद केल्यावर काही आठवड्यांत पुन्हा जिथल्या तिथे.

दुसरं म्हणजे लॅबवाल्याला तुमचा स्टेंट दिसत नाही. त्याच्या कागदावर १०० च्या आतलं सगळं चांगलं, ठळक अक्षरात काही येत नाही. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं, २०२४ मध्ये दिलेली उद्दिष्टं बघा: धोका जास्त असेल तर एलडीएल ७० च्या खाली, अतिशय जास्त असेल, म्हणजे अटॅक वगैरे होऊन गेला असेल, तर ५५ च्या खाली. स्टेंट असलेल्या माणसाचं ८२ नॉर्मल नव्हतंच. आणि सुरुवातीचा आकडाच कमी असलेल्यांचं काय? ब्रिटनमधल्या वीस हजारांवर माणसांच्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २००२ सालीच दिसलं होतं की एलडीएल ११६ च्या खाली असलेल्या धोक्यातल्या माणसांनाही सिमव्हास्टॅटिनचा फायदा जवळजवळ तेवढाच झाला. मला विचाराल तर 'कोलेस्ट्रॉलची गोळी' हे नावच चुकीचं पडलंय. धोका कमी करायची गोळी म्हणायला हवं होतं, पण आता कोण ऐकतंय.

दुष्परिणामांची भीतीही नेमकी उलटीकडे. ॲस्पिरिन 'साधी', स्टॅटिन 'डेंजर, लिव्हर खराब करते, पाय दुखतात'. पाय काही जणांचे खरंच दुखतात, शुगर थोडी वर सरकू शकते, आणि अंग प्रचंड दुखून लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. यकृताला गंभीर इजा फार विरळा. पण लंडनला सॅमसन नावाचा छोटा, भारी अभ्यास झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना बारा बाटल्या दिल्या: चार स्टॅटिनच्या, चार खोट्या गोळ्यांच्या, चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली. स्टॅटिनवर जेवढा त्रास त्यांनी नोंदवला, त्यातला ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला. त्रास खोटा नव्हता. पाय खरंच दुखत होते. दुखवणारी गोष्ट बहुतेक वेळा गोळीतली नव्हती. उलट काळी शी झाली (ही पोटात रक्तस्राव झाल्याची खूण असू शकते) म्हणून 'काहीतरी खाण्यात आलं असेल' म्हणणारे आणि त्याचा एकोस्प्रिनशी संबंध न लावणारे मी दुकानात पाहिलेत.

शेवटचा घोळ एकत्र कॅप्सूलचा. ॲस्पिरिन आणि अटोरव्हा एकातच, किंवा क्लोपिडोग्रेल धरून तिन्ही एकात. सोय आहे, विसरणं कमी होतं. पण मागच्या वर्षी एका गृहस्थांची बायको ॲसिडिटीची गोळी न्यायला आली, तेव्हा सहज विचारलं, काकांची हार्टची कॅप्सूल या महिन्यात नेली नाही? म्हणाली, "त्यांनी कोलेस्ट्रॉलची बंद केली, पाय दुखतात म्हणून. व्हिडिओ बघितला ना." स्टेंट बसून तीन महिने झाले होते. काकांनी सोडली कोलेस्ट्रॉलची, पण त्या एका कॅप्सूलबरोबर स्टेंटमध्ये गुठळी न होऊ देणाऱ्या दोन्ही गोळ्याही सुटल्या होत्या, अकरा दिवस. ॲसिडिटीची गोळी तशीच काउंटरवर ठेवून मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून तिच्या हातात दिला.

काही झालं नाही, नशीब. आता त्यांच्या चिठ्ठीवर तिन्ही औषधं सुटी येतात. मी डबीवर मार्करनं एकीवर 'गुठळी', दुसरीवर 'गुठळी', तिसरीवर 'भिंत' असं लिहून देते. आणि स्ट्रिप कापताना नावाची बाजू गिऱ्हाइकाकडे जाईल अशी कात्री लावते.